६१ व्या बॉलला भरलेलं कार्ड

बिंगोचा डाव संपता संपता सभागृहात दोन 'बिंगो' ऐकू आले, म्हणजे कार्ड भरल्याचे दोन दावे. एक मागच्या रांगेतून, खणखणीत. दुसरा खिडकीजवळच्या टेबलावरून, दबका, पहिल्याच्या किंचित मागून. त्या दिवशी तपासणीला मी बसलो होतो, त्यामुळे दोन्ही कार्डं माझ्यापुढे आली. दोन्हींवरचे चोवीसच्या चोवीस आकडे खरोखर पुकारले गेले होते. तरी बक्षीस एकालाच मिळालं, आणि ज्यांचं कार्ड आधी भरलं होतं त्यांना ते मिळालं नाही.

त्यावर बराच वेळ हुज्जत झाली. नंतर मी पुकारयादी, म्हणजे आकडे पुकारले त्या क्रमाने लिहिलेली यादी, आणि दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून सगळा डाव पुन्हा पहिल्यापासून पाहिला. त्यातून जे दिसलं ते इथे लिहितो आहे.

खेळ ७५ बॉलचा होता: यंत्रातून १ ते ७५ आकड्यांचे बॉल एकेक करून निघतात, आकडा पुकारला जातो, आणि तो आपल्या कार्डावर असेल तर त्यावर ठसा मारायचा. कार्डावर पाच उभ्या ओळी: बी खाली १ ते १५ मधले पाच आकडे, आय खाली १६ ते ३० मधले, एन खाली ३१ ते ४५, जी खाली ४६ ते ६० आणि ओ खाली ६१ ते ७५. एनच्या ओळीतला मधला चौकोन फुकटचा, म्हणून तिथे चारच आकडे. एकूण चोवीस. आडवी ओळ, चार कोपरे असे छोटे डाव आधी होऊन गेले होते आणि शेवटी पूर्ण कार्डाचा डाव ठेवला होता. खेळायला ४५ जण होते, कोणी तीन कार्डं घेतलेली, कोणी सहा, मिळून १८० कार्डं. जाहीर असं केलं होतं की ५० बॉलच्या आत कार्ड भरलं तर मोठं बक्षीस, आणि नाही भरलं तर खेळ तसाच चालू राहील, पहिलं कार्ड भरेल त्याला ठरलेलं बक्षीस.

ओळीच्या डावात कुठला आकडा कुठे बसला आहे त्याला महत्त्व असतं. पूर्ण कार्डात जागेला काडीची किंमत नाही. चोवीस आकडे आले पाहिजेत, ते कुठल्या क्रमाने छापले आहेत याने काही बिघडत नाही. त्यामुळे कार्ड निवडताना "हे जरा पसरलेलं दिसतंय", "यात शून्यावर संपणारे फार आहेत" अशी जी चर्चा टेबलाटेबलावर चालते, तिचा या डावाशी संबंध नाही. कुठलेही चोवीस आकडे घ्या, ते भरण्याची शक्यता सारखीच. एक मात्र खरं: हातातल्या दोन कार्डांवर तेच चोवीस आकडे निघाले तर दुसरं कार्ड वाया गेलं असं समजा, कारण ती दोन्ही एकाच क्षणी भरणार. अर्थात कार्डं इतक्या प्रकारांची बनतात (आकड्यांचे वेगवेगळे संचच अकरा कोटी अब्जांहून जास्त होतात) की ही काळजी कोणी करू नये.

आता ५० बॉलच्या अटीबद्दल. ती ठरवताना मीही बैठकीत होतो, म्हणून दोष माझ्याही पदरात आहे. ७५ मधले ५० म्हणजे दोन तृतीयांश, एवढ्यात कोणाचं ना कोणाचं भरेलच, असा आमचा अंदाज. प्रत्यक्षात ५० बॉल झाले तेव्हा एका कार्डावर सरासरी १६ ठसे पडलेले असतात, आठ चौकोन कोरे. एखादं ठरावीक कार्ड ५० बॉलांत पूर्ण भरण्याची शक्यता २,१२,०८५ त एक आहे. १८० कार्डं धरली तरी जवळजवळ १,१८० डावांत एकदा. दर आठवड्याला एक डाव खेळला तर ते बक्षीस सरासरी बावीस वर्षांनी एकदा निघेल. आम्ही नकळत न देण्याचं बक्षीस जाहीर केलं होतं. अनेक ठिकाणी बक्षीस निघालं नाही की पुढच्या वेळी अट एका बॉलने सैल करतात, ५१, मग ५२, असं. ते आम्हाला सुचलंच नव्हतं.

पण एकदा ५० ओलांडले की चित्र भराभर बदलतं. ५५ बॉलांना एका कार्डाची शक्यता १०,३५९ त एक होते. ६० ला ७१५ त एक. म्हणजे ५० नंतरच्या दहा बॉलांनी शक्यता जवळपास तीनशे पट वाढवली. या टप्प्यात प्रत्येक नवा बॉल आधीच्या शक्यतेला सुमारे १.९ ते १.७ पटीने गुणत जातो. १८० कार्डं असतील तर ६२-६३ व्या बॉलाच्या आसपास पहिलं कार्ड भरण्याची वेळ येते, आणि आमचा डावही बरोबर तिथेच संपला. त्यात नशिबाचा काही चमत्कार नव्हता. कार्डं किती विकली हे कळलं की डाव साधारण कुठे संपेल ते सांगता येतं. एकटं एकच कार्ड घेऊन कोणी खेळत बसलं तर ते भरायला सरासरी जवळजवळ ७३ बॉल लागतील.

हे आकडे एका वेगळ्या बाजूने पाहिले की जास्त लवकर पटतात. भिंतीवरच्या फलकावर पुकारलेले आकडे उजळतात. सगळे खेळाडू उजळलेल्याकडे बघतात. ६१ बॉल झाले की अंधारात राहतात फक्त १४. ज्या कार्डावर त्या चौदांपैकी एकही नाही ते कार्ड भरलं. बस. कार्डाचे चोवीस आकडे तपासण्यापेक्षा न आलेले चौदा तपासणं सोपं, आणि आज मी तपासणीला बसलो तर तसंच करतो. ६१ व्या बॉलपाशी सरासरी कार्डावर साडेएकोणीस ठसे असतात, म्हणजे बहुतेकांना आपण अजून लांब आहोत असं वाटत असतं. त्याच वेळी १८० पैकी तीन-चार कार्डं एका आकड्यावर अडकलेली असतात आणि चौदा-एक कार्डं दोन आकड्यांवर. खोलीत शांतता पसरते ती याच सुमाराला. ज्यांची कार्डं लांब आहेत ते कंटाळून बोलायला लागतात आणि ज्यांची जवळ आहेत ते श्वास रोखून बसतात. गंमत म्हणजे पुकारणाऱ्याला दोन्ही गट सारखेच दिसतात.

खिडकीजवळच्या मावशींकडे तीन कार्डं होती. मधल्या कार्डाची गोष्ट आहे ही. त्यांचा डॉबर, म्हणजे शाईचा गोल ठसा उमटवणारा जाड पेन, खेळाच्या मध्यावर सुकला. पिशवीतून दुसरा काढेपर्यंत एक बॉल गेला. पुकारयादीशी ताडून पाहिलं तर ३६ व्या बॉलपर्यंतचे त्यांचे ठसे जांभळे होते आणि ३८ व्यापासूनचे हिरवे. ३७ वा बॉल होता आय-२३. मधल्या कार्डावर २३ होता, आणि तो कोराच राहिला.

ओळीच्या डावात अशी चूक बहुधा पचून जाते, कारण चोवीसांपैकी चार-पाचच आकड्यांवर ओळ ठरते, आणि चुकलेला आकडा नेमका त्यातला असेल असं नाही. पूर्ण कार्डात माफी नसते. ६२ बॉलांपर्यंत एका कार्डावर सुमारे वीस ठसे मारायचे, तीन कार्डांवर साठ, सहा कार्डांवर एकशे वीस. त्यातला एक सुटला की ते कार्ड भरलं तरी भरलेलं दिसत नाही. मागच्या रांगेतल्या काकांकडे सहा कार्डं होती, म्हणजे मावशींच्या दुप्पट संधी आणि दुप्पट कष्ट. त्यांचा एकही ठसा सुटला नव्हता. जास्त कार्डं घेणाऱ्यांच्या नजरेतून आकडे सुटतात असं मी इतरांना ऐटीत सांगत असे. या डावानंतर सांगणं बंद केलं.

६१ वा बॉल: ओ-७०. मावशींनी मधल्या कार्डावर ७० ला ठसा मारला. आता त्यांच्या दृष्टीने एकच चौकोन कोरा, २३. खरं तर कार्ड त्या क्षणी पूर्ण झालं होतं. त्यांनी सवयीने मान वर करून फलकाकडे पाहिलं, की २३ अजून यायचा आहे ना. आणि २३ उजळलेला दिसला.

इकडे यंत्रातून ६२ वा बॉल वर आला होता. आमच्याकडे पद्धत अशी की बॉल आधी कॅमेऱ्यासमोर धरायचा, तो पडद्यावर दिसतो, आणि मग पुकारणारी मुलगी अक्षर आणि आकडा मोठ्याने म्हणते. मधे दोन-तीन सेकंद जातात. बॉल होता बी-४. काकांचं एक कार्ड नेमकं चारवर अडकलेलं. पडद्यावर चार दिसला तेव्हाच ते अर्धे उठले होते, पण तोंड बंद ठेवलं. मुलगी "बी, चार" म्हणाली आणि त्यांनी "बिंगो" ठोकला. त्यांना नियम पाठ होता: आकडा पुकारला की मोजायचा, पडद्यावर दिसून उपयोग नाही. पुकारण्याआधी ते ओरडले असते तर दावा खोटा ठरला असता. हाउजी खेळणारे ज्याला बोगी म्हणतात तसाच.

मावशींचा आवाज त्यांच्या मागोमाग आला.

तपासणीला वेळ लागला नाही. काकांच्या कार्डाचा क्रमांक वाचला, आकडे ओळीने पुकारयादीवर टिपले, सगळे आलेले, शेवटचा बी-४ कार्डावर. मावशींचं कार्ड घेतलं, तेही पूर्ण. २३ ला ठसा नव्हता, पण ते आड येत नाही. आकडा पुकारलेला असला की पुरे, ठसा ही खेळाडूची स्वतःची सोय. आड आलं ते कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं वाक्य: दावा करताना शेवटचा पुकारलेला आकडा जिंकणाऱ्या कार्डावर असलाच पाहिजे. मावशींच्या कार्डावर चार नव्हता. त्यांचं कार्ड एका बॉलने झोपून गेलं होतं, म्हणजे दावा एक बॉल उशिरा आला होता.

"अहो, पण माझं आधी भरलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी, आधी भरलं."

"मग?"

या 'मग?' ला माझ्याकडे नियमापलीकडे उत्तर नव्हतं.

हा नियम सगळीकडे सारखा नाही, आणि म्हणूनच वाद वाढला. तिथे जमलेल्यांपैकी निम्मे वेगवेगळ्या ठिकाणी खेळलेले. काही ठिकाणी पुढचा बॉल पुकारेपर्यंत कोणीही दावा करावा, कार्ड पूर्ण असलं म्हणजे झालं. त्या हिशोबाने ६३ वा बॉल यायच्या आत दोघांचेही दावे आले होते, तेव्हा बक्षीस अर्धं अर्धं झालं असतं. मावशींच्या टेबलावरच्या एकांचं म्हणणं तर याच्याही पुढे: ज्याचं कार्ड आधी भरलं तोच विजेता, पुकारयादी समोर आहेच, त्यात ७० आधी आणि चार नंतर. यंत्रावर खेळतात तिथे जवळजवळ असंच घडतं, कारण आकडे यंत्रच मारतं आणि कार्ड भरलं की खूणही तेच देतं. तिथे डॉबर सुकत नाही.

मला यातला तिसरा नियम कागदी कार्डांसाठी अजिबात मान्य नाही. तो धरला तर प्रत्येक डावानंतर १८० कार्डं गोळा करून कोणाचं आधी भरलं होतं ते शोधावं लागेल, आणि बक्षीस घेऊन माणूस घरी गेल्यावरही दावे येत राहतील. दुसरा नियम मायाळू आहे, त्यात मला खोट दिसत नाही. बक्षीस वाटून देणं काही नवं नाही, एकाच बॉलावर दोन कार्डं भरणं पूर्ण कार्डात होतच असतं. आमच्यासारख्या डावात, ६२ च्या आसपास, ढोबळमानाने आठात एकदा तरी. तेव्हा वाटणीला कोणी नाही म्हणत नाही. तरीही निकाल पहिल्या नियमाने दिला, कारण कार्डावर तो छापलेला होता आणि काका तोच धरून खेळले होते. खेळ संपल्यावर नियम सैल केला असता तर त्यांचं अर्धं बक्षीस आम्ही काढून घेतलं असतं, तेही त्यांनी काही चूक केलेली नसताना.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. खरी अडचण त्या दोन-तीन सेकंदांत आहे.

बी-४ पडद्यावर दिसत होता पण पुकारला गेला नव्हता, त्या वेळी शेवटचा पुकारलेला आकडा ओ-७० होता. तो मावशींच्या कार्डावर आहे. म्हणजे त्या दोन-तीन सेकंदांत मावशी 'बिंगो' म्हणाल्या असत्या तर त्यांचा दावा आमच्याच नियमाने शंभर टक्के खरा, बक्षीस पूर्ण त्यांचं, आणि काकांना काहीच नाही, कारण मग बी-४ पुकारलाच गेला नसता. मावशींचं म्हणणं होतं की मुलीने तोंड उघडायच्या आधी त्यांनी हात वर केला. शेजारच्या बाईंनीही तो पाहिल्याचं सांगितलं. पलीकडच्या टेबलावरचे म्हणाले, हात पुकाऱ्यानंतर वर गेला. नियमात हाताचा उल्लेखच नाही. दावा तोंडाने आणि खेळ थांबेल इतक्या मोठ्याने करायचा, असं आम्ही धरून चाललो होतो, पण तेही कुठे लिहिलेलं नव्हतं. सवयीने धरलेलं.

आणखी एक गोष्ट पुकारयादी पाहताना लक्षात आली. यादी लिहिणारा दर दहा बॉलांनी वेळ टिपतो. पहिल्या दहा बॉलांना दोन मिनिटं लागली होती, म्हणजे एकेकाला बारा सेकंद. पन्नास ते साठ मध्ये तेच दहा बॉल सव्वा मिनिटात उरकले होते. ५० बॉलांची अट हुकल्यावर खोलीतला रस गेला, उशीर झाला होता, आणि मुलीने नकळत वेग वाढवला. जिथे तीन-चार कार्डं एकावर अडकलेली असतात, जिथे माणसाला मान वर करून फलक बघायला वेळ हवा, नेमक्या तिथे आम्ही घाई केली. बारा सेकंदांची चाल राहिली असती तर मावशींना २३ दिसल्यावर ओरडायला पुरेसा वेळ होता. नियम बरोबर लावला गेला आणि खेळ चुकीचा चालवला गेला, असं माझं स्वतःचं मत झालं आहे. बाकीच्यांना ते फारसं पटलेलं नाही.

बदल तीन केले. पूर्ण कार्डाआधी शेवटच्या आकड्याचा नियम आणि 'हात चालणार नाही, आवाज द्या' हे दोन्ही मोठ्याने वाचून दाखवतो. ५० व्या बॉलनंतर खेळ अर्धा मिनिट थांबवतो, आणि सगळ्यांना आपापल्या कार्डावरचे कोरे चौकोन फलकाशी ताडून बघायला सांगतो. ठसे बघायचे नाहीत, कोरे बघायचे. कार्डाला सरासरी आठच कोरे असतात, तीन कार्डांचं काम तेवढ्या वेळात होतं. सहा कार्डंवाले कुरकुरतात. ५० नंतर चाल बारा सेकंदांच्या खाली जाऊ द्यायची नाही, यासाठी पुकारणाऱ्यासमोर सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवलं आहे.

मोठ्या बक्षिसाची अट ५५ वर नेली. १८० कार्डांना साधारण ५८ डावांत एकदा. अजूनही दुर्मीळच, पण निदान आमच्या हयातीत निघण्यासारखी.

मावशी पुढच्या वेळी दोन डॉबर टेबलावर मांडून बसल्या, दोन्ही हिरवे, टोपणं काढलेली. ५० व्या बॉलनंतर खेळ थांबवला तेव्हा त्यांनी बोट ठेवून एकेक कोरा चौकोन तपासला आणि काही सुटलं नाही म्हणून मान हलवली. त्या डावात त्यांची तिन्ही कार्डं लांबच राहिली. उठताना माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाल्या, "हात मी आधी वर केला होता हं."

मी त्या क्षणी पुकारयादीकडे बघत होतो. मला हात दिसला नव्हता.